एकाहत्तर

आमच्या घरात ७१ या आकड्याला मान आहे. बाबांना एस.एस.सी.ला ७१ टक्के पडले होते आणि आजोबांनी मिरजेत गल्लीभर पेढे वाटले होते. ही गोष्ट मी लहानपणी इतक्यांदा ऐकली, की दरवेळी पेढ्यांचं वजन थोडं थोडं वाढत गेल्याचंही मला आठवतं. अशा घरातल्या मी एका व्हिडिओ गेमला ७१ गुण मिळाले म्हणून दोन वर्षं त्याला हात लावला नाही. वर चार मित्रांना 'नको घेऊस, काही दम नाही त्यात' असा सल्लाही दिला. स्वतः न खेळता.

तो गेम म्हणजे 'डेज गॉन'. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात घडणारा आणि तिथल्याच बेंड स्टुडिओने केलेला. एप्रिल २०१९ मध्ये प्लेस्टेशनवर आला तेव्हा मेटाक्रिटिकवर समीक्षकांची सरासरी ७१ वर येऊन थांबली. मेटाक्रिटिकचा धंदा साधा आहे. जगभरच्या परीक्षणांतले गुण शंभरपैकी करून घ्यायचे, कुणाच्या मताला जास्त वजन द्यायचं, कुणाच्या मताला कमी, आणि शेवटी एक आकडा काढायचा. आकड्याला रंग असतो: हिरवा, पिवळा, लाल. आता गंमत बघा. सिनेमाला ६१ पडले की तो हिरवा होतो. गेमला हिरवं व्हायला ७५ लागतात. म्हणजे हेच ७१ एखाद्या सिनेमाला पडले असते तर 'बरा आहे म्हणे, जाऊ या' म्हणत आपण तिकिटं काढली असती. गेमला पडले तर पिवळा ठिपका, आणि मी चार मित्रांना सल्ला देऊन मोकळा.

गेमच्या जगात पहिले ७० गुण बहुतेक हजेरीचे असतात. खरी मारामारी वरच्या तीसात चालते. आणि ती नुसती मानापानाची नसते. 'फॉलआउट: न्यू व्हेगस' २०१० साली आला. तो करणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीला मेटाक्रिटिकवर ८५ पडले तर बोनस मिळणार होता. पडले ८४. त्यांच्यातल्याच ख्रिस ॲव्हेलोन यांनी २०१२ मध्ये हे जाहीरपणे सांगितलं. एका मार्कावरून मेडिकलची सीट गेलेल्या घरात जी शांतता पसरते, ती त्या ऑफिसात कशी पसरली असेल याचा मी बऱ्याचदा विचार करतो. आपल्याकडे निदान पेपर पुन्हा तपासायला तरी टाकता येतो.

मी खेळायला लागलो तेव्हा आमच्याकडे परीक्षण नावाची वस्तूच नव्हती. १९९६-९७ च्या सुमाराला मिरजेत, सतारमेकरांच्या दुकानांपासून थोडं पुढे, एका बोळात तीन टीव्ही मांडलेलं पार्लर होतं. तासाला आठ रुपये. अर्ध्या तासाला पाच, म्हणजे गरिबाने जास्त द्यायचे, हा जगाचा नियम मला तिथेच कळला. '९९९९ इन १' असं छापलेल्या कॅसेटमध्ये खरे गेम दहा-बारा असायचे, बाकी सगळी त्यांचीच पिल्लं. कॅसेट लागली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत खुपसायची. फुंकर कोण चांगली मारतो यावरही मतभेद होते.

मतं तिथेही होतीच, रग्गड होती. पैसे नसलेली पाच-सहा पोरं कायम मागे उभी असायची आणि खेळणाऱ्याच्या मानेवर श्वास सोडत बोलत असायची. 'उडी मार, उडी मार! मेला. सांगितलं होतं ना.' कुठला गेम चांगला, कुठला फालतू हे मात्र कुणी बोलत नसे. जो लागला तो चांगला. बोलणं सगळं आत काय आहे यावर चालायचं. 'कॉन्ट्रा'त आठ लेव्हल आहेत. ब्राह्मणपुरीतला एक मुलगा मात्र विद्येची शपथ घेऊन सांगायचा, की त्याच्या मुंबईच्या आतेभावाने नववी पाहिली आहे. एकही जीव न गमावता शेवटपर्यंत गेलं तरच ती उघडते. झालं. एक अख्खी मे महिन्याची सुट्टी आम्ही त्या नवव्या लेव्हलच्या मागे घालवली. आठ रुपये तासाप्रमाणे हिशेब केला तर तो आतेभाऊ मला चांगलाच महागात पडला आहे. पण त्या मुलाच्या बोलण्याने गेम मोठा झाला होता. आठ खोल्यांच्या घरात नववी खोली आहे असं कुणी सांगावं आणि आपण भिंती ठोकत हिंडावं, असा तो उन्हाळा गेला.

मग सायबर कॅफे आले, 'व्हाइस सिटी' आलं, 'डिजिट' मासिकासोबत येणाऱ्या सीडीवर गेमचे छोटे नमुने यायला लागले, आणि तशा नमुन्यांवर दोनेक वर्षं निघाली. पुढे नोकरी लागली, पुण्यात आलो, स्वतःचा कॉम्प्युटर झाला आणि पहिल्यांदाच गेम पैसे देऊन घ्यायला लागलो. माझ्यापुरती गडबड तिथे सुरू झाली. भाड्याने खेळणारा माणूस पुढच्या तासाला दुसरी कॅसेट मागतो. तीन हजार मोजणारा माणूस चौकशी करतो. ढोबळी मिरचीसुद्धा आपण दाबून घेतो, मग गेम का नाही? असं म्हणत म्हणत मी एक गेम घ्यायच्या आधी चार परीक्षणं वाचायची, तीन व्हिडिओ बघायचे, लोकांचे अंगठे मोजायचे असा नेम धरला. बँकेत कर्जाच्या फायली तपासणारा माणूस आहे मी. कागदपत्रं पूर्ण असल्याशिवाय मला झोप लागत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' आला. दोन हजार नऊशे नव्व्याण्णव रुपये. आधीची परीक्षणं उत्तम होती, पण त्यात एक मेख होती. समीक्षकांच्या हातात फक्त पीसीवरची आवृत्ती दिली होती. जुन्या प्लेस्टेशनवर आणि एक्सबॉक्सवर तो कसा चालतो हे १० डिसेंबरपर्यंत बाहेरच्या कुणाला दिसलंच नाही, आणि दिसलं तेव्हा तिथे त्याची पार दशा झालेली होती. आठवडाभरात प्लेस्टेशनवाल्या सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला. परत ठेवायला जून २०२१ उजाडला. ज्यांनी पैसे मोजून ते भोगलं त्यांचा राग रास्तच होता. परीक्षणं कशासाठी असतात असा प्रश्न कुणी विचारला तर मी ह्याच प्रकरणाकडे बोट दाखवीन.

पण माझ्याकडे पीसी होता, आणि माझ्याकडे तो नीट चालत होता. पहिल्या दोन रात्री मी गेममधल्या नाइट सिटी नावाच्या शहरात नुसता भटकलो. काम नाही, कामगिरी नाही. पावसात ओल्या झालेल्या रस्त्यावर निऑनचे रंग सांडलेले बघत उभा राहिलो. तिसऱ्या दिवशी ऑफिसात डबा खाताना फोनवर क्लिपा यायला लागल्या. क्रूसावर टांगल्यासारखी हात पसरून हवेत उभी माणसं, आरपार जाणाऱ्या गाड्या. आम्ही सगळे खूप हसलो. त्या रात्रीपासून मी गेम खेळत नव्हतो, पंचनामा करत होतो. एखादी गाडी जरा विचित्र वळली की मी खुशीत 'सापडली!' म्हणायचो, मग कळायचं की समोर खांब होता, तिचं वळण बरोबरच होतं. निऑन तसंच होतं. पाऊस तसाच होता. मी मात्र आता मायक्रोमीटर घेऊन हिंडत होतो. चौथ्या रात्री बंद केला तो थेट २०२३ च्या सप्टेंबरनंतर उघडला, २.० नावाची मोठी सुधारणा आल्यावर. तोवर जो तो म्हणत होता, 'आता काय झालाय म्हणून सांगू!' खेळलो आणि मलाही फार आवडला. आता हे गेमचं यश की त्या 'आता'चं, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

२०२० च्याच जूनमध्ये आणखी एक प्रकार झाला होता. 'द लास्ट ऑफ अस'चा दुसरा भाग १९ जूनला आला. समीक्षकांनी ९३ दिले, आणि काही तासांतच हजारो लोकांनी शून्य-शून्य ठोकून दहापैकी चारच्या खाली आणून बसवला. गेम संपवायला वीस-पंचवीस तास लागतात. काही तासांत! पुढे मेटाक्रिटिकने नियमच केला, की गेम आल्यावर पहिले छत्तीस तास सामान्य खेळाडूंना गुण देता येणार नाहीत. मला ही छत्तीस तासांची कल्पना अतिशय आवडली. काही लग्नांच्या पंगतीत ती लावावी असं माझं मत आहे.

कारण पंगतीत हे नेहमीचं. पान वाढलेलं असतं, वरणावर तूप पडलेलं असतं, पहिला घास हातात असतो आणि शेजारचे काका पुटपुटतात, 'मठ्ठा जरा आंबट झालाय.' संपलं. आता तो मठ्ठा आंबटच लागणार. कदाचित नसेलही, पण आपली जीभ आता चव घ्यायला निघालेली नसते, साक्ष द्यायला निघालेली असते. तेच काका बडीशेप चघळताना म्हणाले असते, 'मठ्ठा आंबट होता नाही?' तर आपण म्हणालो असतो, 'असेल बुवा, मला तर बरा लागला.'

हे फक्त माझं निरीक्षण नाही. अमेरिकेत केंब्रिजमधल्या पबांमध्ये ली, फ्रेडरिक आणि एरिअली या तिघांनी एक प्रयोग केला होता. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. दोन पेले बिअर. एक साधी, दुसरीत बाल्सॅमिक व्हिनेगरचे दोन-चार थेंब. काही लोकांना काहीच सांगितलं नाही. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना व्हिनेगरवालीच जास्त आवडली. काहींना पिण्याआधी सांगितलं. त्यांच्यात तिची पसंती एकदम घसरली. आणि काहींना पिऊन झाल्यावर पण मत देण्याआधी सांगितलं. त्यांनी बहुतेक फरक पडू दिला नाही, जीभ आपला निकाल देऊन बसली होती. म्हणजे आधी कळलेली गोष्ट नुसतं मत बदलत नाही, चवच बदलते. मठ्ठ्याचे काका केंब्रिजला असते तर त्यांना संशोधनवृत्ती मिळाली असती.

तर 'डेज गॉन'. मे २०२१ मध्ये तो पीसीवर आला आणि पुढे एका सेलमध्ये इतका स्वस्त मिळाला की कंजूषपणाने परीक्षणांवर मात केली. तक्रारी मला तोंडपाठ होत्या. सुरुवात रेंगाळते. त्याच त्या कामगिऱ्या पुन्हा पुन्हा येतात. आणि मोटरसायकलमध्ये सारखं पेट्रोल भरावं लागतं.

गोष्ट अशी, की साथीनं जग बुडालंय, माणसांचे पिसाळलेले कळप जंगलातून धावतायत, आणि डीकन सेंट जॉन नावाचा एक जुना बाइकवाला त्यातून वाट काढत जगतोय. सुरुवातीलाच त्याची स्वतःच्या हाताने घडवलेली गाडी लोक उघडून तिचे भाग लंपास करतात. त्याला मिळतं एक खटारं. टाकी एवढीशी. एका तळावरून दुसऱ्या तळावर जाईतो काटा खाली. पेट्रोल संपलं की गाडी सोडायची, चालत एखाद्या ओसाड गॅरेजपाशी जायचं, लाल डबा शोधायचा, आणि तो हातात धरून परत यायचं. डबा खिशात मावत नाही, गाडीला बांधता येत नाही. हातात डबा असला की बंदूक नाही. आणि जंगल काही रिकामं नाही.

पहिल्यांदा पेट्रोल संपलं तेव्हा मी मनाशी म्हणालो, 'बघ, लिहिलंच होतं.' दुसऱ्यांदा संपलं तेव्हा बाहेर खरोखरीच पाऊस पडत होता, गेममध्येही पडत होता, चिखलात मागचं चाक घसरत होतं, आणि इंजिनाने जो शेवटचा आचका दिला तो मी ओळखला.

बाबांकडे चेतक होती. काटा बंद पडलेला. टाकीचं झाकण उघडून, गाडी हलवून, आतला आवाज ऐकून पेट्रोल किती ते बाबा सांगायचे. एकदा कोल्हापूरहून परतताना, जयसिंगपूर सोडलं आणि अंकलीच्या पुलाच्या अलीकडे तिने असाच आचका दिला. बाबांनी सीटखालचा खटका फिरवून रिझर्व्हला लावली. रिझर्व्ह आधीच लागलेली होती, ते विसरले होते. मग गाडी आडवी केली, कान लावला, सरळ केली, किक मारल्या. पुलाच्या उतारापर्यंत चालली आणि थांबली. मग आम्ही दोघं ढकलत निघालो. नदीवरून गार वारा येत होता, अंधार पडत होता, ट्रक अंगावरून जात होते. बाबा फारसे बोलणारे नव्हतेच; पण त्या अडीच-तीन किलोमीटरमध्ये त्यांनी मला त्यांच्या पहिल्या नोकरीची, एकदा साहेबाशी झालेल्या भांडणाची आणि एकूण बऱ्याच गोष्टींची हकिगत सांगितली. पंपावर पोचलो तेव्हा मला वाटलं, इतक्यात आला?

मग ऑरेगनच्या जंगलात, पावसात, हातात लाल डबा घेऊन चालताना मी एकदम सावकाश झालो. चढावर गॅस कमी, उतारावर इंजिन मोकळं सोडून गाडी नुसती घरंगळू द्यायची. ही युक्ती मला कुठल्या मार्गदर्शकाने शिकवली नाही, बाबांनी शिकवली आहे. पुढे पैसे साठवून मोठी टाकी बसवली तेव्हा जो आनंद झाला तो सांगितला तर लोक हसतील. आणि एका रात्री लाकडाच्या जुन्या वखारीपाशी शेकडोंचा कळप अंगावर आला, मी जीव घेऊन गाडीवर उडी मारली, आणि काट्याकडे बघितलं. त्या एका नजरेत जी भीती होती, ती पेट्रोल कधी संपतच नसतं तर कुठून आली असती?

समीक्षक खोटं लिहीत होते असं मात्र मी म्हणणार नाही. त्यांच्या जागी बसून बघा. गेम हातात येतो, अमुक दिवशी अमुक वाजता मजकूर प्रसिद्ध व्हायचा असतो, मधल्या चार-सहा दिवसांत तीस-चाळीस तासांचा गेम संपवायचा असतो. अशा माणसाला पेट्रोल संपणं म्हणजे पुण्यातल्या घोरपडीच्या रेल्वे फाटकाला अडकणं. मी रोज रात्री जेवणं झाल्यावर, भांडी विसळून, चाळीस मिनिटं खेळतो. मला कुठे पोचायचंय? एकच गेम असा समीक्षकाने आणि मी खेळलाच नाही. त्याने एक खेळला, मी दुसरा. आकडा मात्र दोघांना मिळून एकच.

ह्याच्या उलटही झालेलं आहे माझं, आणि ते सांगायला जरा लाज वाटते. २०२० साली पुण्यातल्याच नोडिंग हेड्स गेम्सने 'राजी' नावाचा गेम काढला. भावाला शोधत निघालेली एक डोंबारीण पोर, तिच्या हातात दुर्गेचा त्रिशूळ, राजस्थानी वाटावेत असे वाडे आणि महाल, पहाडी शैलीतल्या चित्रांसारखी रंगवलेली भिंत अन् भिंत, आणि वरून दुर्गा आणि विष्णू तिच्याबद्दल आपसांत बोलतायत. ट्रेलर बघूनच माझा ऊर भरून आला. घेतला, सुरू केला, आणि उठून पहिलं काय केलं तर स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, अंगठा वर करून चार ओळींचं कौतुक लिहिलं. आता स्टीम आगाऊ आहे. तुम्ही मत दिलंत की तुमच्या मताच्या डोक्यावर तुम्ही किती वेळ खेळला होतात ते छापतं. माझ्या देशप्रेमाच्या वर ०.७ तास असं लिहिलेलं आहे. पुसायचं धाडस होत नाही आणि बघवत नाही.

पुढे आठवडाभर मी तो गेम खेळलो कमी आणि त्याच्यावरची परदेशी परीक्षणं वाचली जास्त. कांदेपोह्यांचा कार्यक्रम उरकल्यावर मुलीकडचे जसे निरोपाची वाट बघतात, तसा. कुणी चित्रांना नावाजलं की बरं वाटायचं. कुणी म्हटलं कॅमेरा धड जागी राहत नाही, लढाई अडखळते, की राग यायचा. आणि सगळ्यात जास्त राग यायचा तो ते खरं असल्याचा. वर्षअखेरीला गेम अवॉर्ड्समध्ये नवोदितांच्या पहिल्या गेमसाठी त्याला नामांकन होतं. बक्षीस 'फॅस्मोफोबिया'ला गेलं तेव्हा मी अशी हळहळ व्यक्त केली, जणू माझ्या पैशाने गेम काढला होता. खेळून झाला होता का माझा? नाही. २०२२ मध्ये हिंदी आवाजांसह नवी आवृत्ती आली तेव्हा एका रविवारी दारं लावून बसलो आणि पहिल्यांदा शेवटपर्यंत खेळलो. भिंतीवरच्या चित्रांपाशी थांबून थांबून. कॅमेरा तेव्हाही जागी राहत नव्हता. पण त्या दिवशी मला कुणाला काही कळवायचं नव्हतं.

त्या काळात हे सगळीकडेच चाललं होतं म्हणा. सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली, पुढच्या २६ जानेवारीला देशी 'फौजी' गेम आला. निम्म्यांनी देशासाठी पाच तारे दिले, निम्म्यांनी पबजीच्या विरहात एक. मधले तारे रिकामे. आपल्याकडे रांगेत मध्ये उभं राहायची पद्धतच नाही.

७१ चा जाच एका प्रकारचा, ९६ चा दुसऱ्या. 'एल्डन रिंग' फेब्रुवारी २०२२ मध्ये आला तो शहाण्णवाचं बाशिंग बांधून. ७१ चा गेम आवडला नाही तर दोष गेमचा. ९६ चा आवडला नाही तर दोष कुणाचा? पहिल्याच मोठ्या राक्षसाने, त्या मार्गिटने, मला तीसेक वेळा तरी आपटलं आणि मला गेमचा राग येण्याऐवजी स्वतःची शरम वाटायला लागली. सगळ्यांना दिसतंय, मला दिसत नाही.

अशी शरम मी आधी एकदाच अनुभवली होती. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीची संगीत सभा होते. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, दफन तिथेच आहेत. बाबा मला न्यायचे. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. पण शेजारी एक तंबोरे करणारे आजोबा बसायचे. त्यांच्या गुडघ्याकडे मी बघत राहायचो. गुडघ्यावरचं त्यांचं बोट थांबलं की काहीतरी होणार असतं हे मला हळूहळू कळलं. मग समेवर ते 'हां' म्हणायचे, एवढंच. त्यांनी कधी मला सांगितलं नाही की हे गाणं चांगलं आहे. त्या 'हां'मुळे मला ऐकायची जागा सापडली.

'एल्डन रिंग'मध्ये असा गुडघा आहे, हे मला बरंच उशिरा लक्षात आलं. कुठल्याही देशातला खेळाडू ठरलेल्या शब्दांचे तुकडे जुळवून जमिनीवर चिठ्ठी सोडू शकतो, ती तुमच्या जगात उमटते. वळणाआधी 'पुढे दबा धरून बसलाय'. एखाद्या टेकडीवर, जिथून सोनेरी झाड आभाळभर दिसतं, नुसतं 'काय देखावा!'. तुम्ही चिठ्ठीला बरं म्हणा, वाईट म्हणा. आणि कुणी तुमच्या चिठ्ठीला दाद दिली की तुमच्या जखमा भरून येतात. खरोखर, गेममध्ये. मी एका पुलाच्या टोकाला 'धीर धर' अशा अर्थाचं काहीतरी लिहून ठेवलं होतं. दोन दिवसांनी दुसरीकडेच एका लढाईत शेवटच्या थेंबावर होतो आणि अचानक लाल पट्टी भरून आली. कुणीतरी, कुठेतरी, त्या पुलावर उभं राहून 'हां' म्हटलं होतं.

आणि कोऱ्या भिंतीसमोर चिठ्ठी असते: 'पुढे गुप्त वाट'. ठोकत बसा. नसते वाट. एकदा कड्याच्या टोकाला लिहिलं होतं 'उडी मारून बघ', आणि मी मारली. मरता मरता मला ब्राह्मणपुरीतला तो मुलगा आठवला. बहुधा आता त्याच्याकडे कॉम्प्युटर आला असावा.

गेल्या दिवाळीत ताईची मुलगी आली होती. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हात माझ्यापेक्षा पाचपट चपळ. म्हणाली, 'मामा, तुझा तो बाइकवाला गेम लाव ना.' मी लावला. काही सांगायचं नाही असं मनाशी घट्ट ठरवून मागे खुर्ची टाकून बसलो. पार्लरमधल्या फुकट्या पोरासारखा. तिने नवा डाव सुरू केला. गाडी गेली, खटारं मिळालं. चढावर ती फुल गॅस देत होती आणि माझ्या घशाशी शब्द येत होते. मी फराळाच्या ताटातली चकली तोंडात कोंबली. अर्ध्या तासात पेट्रोल संपलं. ती उतरली, डबा शोधायला वीस पावलं गेली, थांबली.

'हे काय आहे? दर वेळी असं चालत जायचं?'

'हो.'

'बोअर आहे रे मामा.'

तिने कंट्रोलर गादीवर ठेवला आणि चिवड्यातले दाणे वेचत फोन बघायला लागली. मी म्हटलं, असतं एकेकाचं. अंकलीच्या पुलाची गोष्ट सांगावी असं क्षणभर वाटलं. सांगितली नाही.

रात्री सगळे झोपल्यावर मी माझा जुना डाव उघडला. उत्तरेकडच्या तळावरून निघालो होतो, पाऊस नव्हता, चांदणं पडलं होतं. चढ संपता संपता इंजिनाने आचका दिला. मी उतरलो, डबा शोधत चालायला लागलो. ते झाड, ती वाट, ते गॅरेज. दीडशे-दोनशे पावलं असतील. एवढं लांब आहे हे, मला आधी कधी जाणवलंच नव्हतं. परत येताना मी पहिल्यांदाच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.